उतारवयातील घटस्फोट : राहते घर आणि निर्वाहाची तरतूद

गोमंतकात विवाहित पती-पत्नींचा एकमेकांच्या मालमत्तेत निम्मा वाटा असतो, ही गोष्ट आता खेडोपाडीही सर्वश्रुत आहे. परंतु साठीच्या घरात पोहोचलेले एखादे जोडपे घटस्फोटासाठी न्यायालयाची पायरी चढते, तेव्हा या निम्म्या वाट्याचे प्रत्यक्षात काय होते, याची कल्पना फार थोड्यांना असते. वाटे दोन असले तरी घर एकच असते. त्याला स्वयंपाकघर एक, विहीर एक आणि अंगण एक. तरुण वयात विभक्त होणाऱ्या माणसाला नव्याने कमावण्यास अवधी असतो. साठीनंतर तो नसतो. त्या वयात जे काही जमले आहे तेवढ्यावरच उरलेली वर्षे काढावयाची असतात, आणि म्हणूनच तरुणांच्या घटस्फोटात मुलांचा ताबा हा जसा मुख्य प्रश्न असतो, तसा वृद्धांच्या घटस्फोटात डोक्यावरचे छप्पर हा मुख्य प्रश्न ठरतो.

गोव्यातील हा कायदा पोर्तुगीज अमदानीतला आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर, बदल वा रद्द होईपर्यंत जुने कायदे चालू राहतील अशी तरतूद संसदेने १९६२ च्या अधिनियमाने केली. खुद्द पोर्तुगालने ही संहिता १९६० नंतरच्या दशकात बाजूस सारली. गोव्यात मात्र तिचा कौटुंबिक भाग अद्याप जिवंत आहे. वारसा, विशेष नोटरी आणि मालमत्तेच्या वाटणीची कार्यपद्धती यांसाठी गोवा विधानसभेने २०१२ साली स्वतंत्र कायदा केला. घटस्फोटाची कारणे व रीत मात्र ३ नोव्हेंबर १९१० च्या घटस्फोटाच्या हुकुमाप्रमाणे ठरतात. चर्चमध्ये कॅथलिक धर्मविधीने झालेल्या विवाहांना १९४६ च्या हुकुमाचे वेगळे नियम आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

विवाहापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची सर्व मालमत्ता समाईक होते. लग्नापूर्वीची, लग्नानंतर मिळवलेली आणि वारशाने आलेली, अशी सर्व तीत येते. सातबाऱ्याच्या धर्तीवर गोव्यात जो एक-चौदाचा उतारा असतो, त्यावर केवळ पतीचे नाव असले तरी पत्नीचा निम्मा वाटा त्यामुळे बुडत नाही. देणाऱ्याने 'ही समाईक होणार नाही' अशी अट घालून बक्षीस किंवा मृत्युपत्राने दिलेली मालमत्ता मात्र वगळली जाते. दुसरी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पतीचे आईवडील हयात असतील आणि घर त्यांचे असेल, तर त्या घरात मुलाचाच अजून वाटा उघडलेला नसतो. मग सुनेचा कोठून असणार? चाळीस वर्षे ज्या घरात चूल पेटवली ते घर हिशेबात येतच नाही, असा अनुभव नव्वदीतील सासरे हयात असलेल्या साठीच्या स्त्रीला येऊ शकतो. आईवडिलांच्या पश्चात घर भावंडांत न वाटता तसेच राहिले असेल, तर पतीच्या अविभक्त हिश्शाचा निम्मा भाग पत्नीचा होतो. पण तो हिस्सा आधी भावंडांतील वाटणीने ठरावा लागतो आणि त्या वाटणीचे दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात.

स्थावर मालमत्ता पती-पत्नींपैकी कोणालाही दुसऱ्याच्या संमतीवाचून विकता येत नाही. हे मोठेच संरक्षण आहे. परंतु मालमत्तेचा कारभार पाहण्याचा अधिकार संहितेने पतीकडे दिला आहे, आणि जंगम मालमत्तेला स्थावरासारखे कुलूप नाही. एकाच्या नावावरची मुदत ठेव मोडणे, सोने गहाण टाकणे, गाडी विकणे या गोष्टी एका सहीने होऊन जातात. भांडण न्यायालयात पोहोचेपर्यंत घर तेवढे जागेवर उरते आणि पैसा नाहीसा झालेला असतो. यास्तव ठेवींच्या पावत्या, पासबुके, विम्याची कागदपत्रे आणि कर्जाचे कागद यांच्या नकला दोघांच्याही हाताशी असणे अगत्याचे आहे. त्यात अविश्वासाचा भाग मानू नये. शांततेच्या काळातही हे कागद दोघांना ठाऊक असलेले बरे.

सीमेपलीकडची स्थिती

गोव्यातील पुष्कळ कुटुंबांची सोयरीक सावंतवाडी, दोडामार्ग, खानापूर, बेळगाव या भागांत आहे. तेथील जोडप्यांना गोव्याचा हा नियम लागू नाही, हे सांगणे येथे आवश्यक आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात पती-पत्नींच्या मालमत्तेची निम्मी वाटणी नाही. कलम २५ प्रमाणे न्यायालय कायम पोटगी ठरवू शकते, आणि कलम २७ प्रमाणे लग्नाच्या सुमारास भेट म्हणून आलेल्या, दोघांच्या समाईक वस्तूंबाबत आदेश देऊ शकते. एवढ्यावरच तो कायदा थांबतो. पतीच्या नावावरच्या घरात पत्नीने आयुष्य घालवले तरी घटस्फोटानंतर त्या घराची मालकी तिच्याकडे येत नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक राज्यसभेने २०१३ साली संमत केले होते. ते लोकसभेत संमत होऊ शकले नाही. म्हणून ज्यांचा विवाह गोव्याबाहेर झाला आहे, त्यांनी आपल्या विवाहास कोणता कायदा लागू पडतो हे प्रथम वकिलाकडून निश्चित करून घ्यावे. गोव्यात वास्तव्य आहे म्हणून निम्मा वाटा आपोआप मिळेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

गोमंतकीयांच्या गोव्याबाहेरील मालमत्तेविषयी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला. गोव्याचे अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या मुंबईतील स्थावरालाही वारशाच्या बाबतीत गोव्याचाच कायदा लागू होतो, असे त्यात म्हटले आहे. हा निर्णय वारशासंबंधीचा आहे; तरीही नोकरीच्या काळात मुंबईस घेतलेली खोली मालमत्तेच्या यादीत न मांडण्याचे त्यामुळे काही कारण उरत नाही.

हुकूमनामा आणि वाटणी

१९१० च्या हुकुमात घटस्फोटाची जी कारणे दिली आहेत, त्यांत क्रूर वागणूक, तीन वर्षे घर सोडून जाणे इत्यादींबरोबरच आणखी एक कारण आहे. दोघे आपखुशीने सलग दहा वर्षे वेगळे राहिले असतील, तर वेगळे राहण्याचे कारण काहीही असले तरी घटस्फोट मागता येतो. उतारवयातील पुष्कळ जोडप्यांची स्थिती नेमकी अशीच असते. एक जण मुलाकडे वास्कोस, दुसरा गावच्या घरी. लग्न कागदावर चालू आणि संसार केव्हाच थांबलेला. परस्परसंमतीने घटस्फोट घ्यावयाचा असल्यास विवाहास दोन वर्षे झालेली असावी लागतात आणि अर्जासोबत मालमत्तेची तपशीलवार यादी जोडावी लागते. न्यायालय प्रथम एक वर्षासाठी तात्पुरता घटस्फोट देते व त्यानंतर तो कायम करते.

येथे एक मोठा गैरसमज आढळतो. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला म्हणजे वाटणीही झाली, असे लोक समजतात. वास्तविक हुकूमनाम्याने विवाह संपतो. घर, ठेवी व कर्ज यांची विभागणी व्हावयाची असते ती बहुधा त्यानंतर, लोक ज्याला 'इन्व्हेंतार' म्हणतात त्या स्वतंत्र कामात. या कामात दोघांपैकी एकाने शपथेवर मालमत्तेची व देण्यांची यादी सादर करावयाची असते. काही वगळले असल्यास दुसऱ्याने हरकत घ्यावयाची असते. नंतर किमती ठरतात, तडजोडीसाठी बैठक होते आणि तडजोड न झाल्यास वस्तूंचा लिलाव होतो. हा लिलाव चावडीवरचा नव्हे. बोली बोलणारे ते दोघेच. जो अधिक बोली करील त्याने वस्तू घ्यावयाची आणि दुसऱ्याच्या वाट्यास जे कमी पडेल ते रोखीने भरून द्यावयाचे.

हे आकड्यांनी समजून घेणे बरे. समजा, फोंडा तालुक्यातील एका निवृत्त कर्मचाऱ्याचे वय ६४ व त्याच्या पत्नीचे ६१ आहे. त्यांनी बांधलेल्या घराची किंमत ४८ लाख रुपये ठरली. उपदानाच्या व भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून बँकेत १४ लाखांची ठेव आहे. घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जापैकी २ लाख फेडावयाचे आहेत. देणे वजा जाता ६० लाख उरतात, म्हणजे प्रत्येकाचे ३० लाख. पत्नीला घर हवे असेल तर ती ४८ लाखांचे घर घेईल, ठेव व कर्ज पतीकडे जाईल, आणि त्याचे ३० लाख पुरे करण्यासाठी तिला १८ लाख रुपये रोख द्यावे लागतील. ६१ वर्षांच्या, पगार नसलेल्या स्त्रीला १८ लाखांचे कर्ज कोणती बँक देणार? उलट पतीने घरावर ५४ लाखांची बोली केली, तर एकूण हिशेब ६६ लाखांचा होतो. ठेव पत्नीकडे गेली तरी तिला आणखी १९ लाख देणे त्यास भाग पडते. निवृत्तिवेतनाचा काही भाग अगोदर घेऊन आणि भावाकडून उसनवारी करून तो ते कदाचित जमवील. पत्नीच्या हाती ३३ लाख येतात, पण घर जाते. हक्क दोघांचा समान होता. रोख पैसा उभा करण्याची ताकद समान नव्हती. घर कोणाकडे जाते हे अशा वेळी कायद्याने ठरत नाही, ते रोख रकमेने ठरते.

म्हणूनच लिलावाची वेळ येण्यापूर्वी तडजोडीच्या बैठकीत घराचा प्रश्न सोडवणे हेच वृद्धांच्या दृष्टीने श्रेयस्कर आहे. यासाठी काही मार्ग आहेत. घर मोठे असून त्याचे दोन भाग सरळ पडत असतील, तर स्वतंत्र दार, स्वतंत्र वीजमीटर व शौचालय यांसह भाग पाडता येतात. गोव्यातील जुन्या चौकी घरांत हे जमते. अलीकडच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत जमत नाही. दुसरा मार्ग घर विकून दोन लहान जागा घेण्याचा. मात्र जाहीर किमतीवर भरवसा न ठेवता मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि नव्या जागेचा देखभाल खर्च अगोदर मांडून पाहावा, कारण एका घराच्या निम्म्या पैशांत त्याच गावात दुसरे घर क्वचितच येते. तिसरा मार्ग हयातीपर्यंतच्या उपभोगाचा आहे. मालकी एकाकडे किंवा मुलांकडे जाते. परंतु ठराविक खोल्यांत मरेपर्यंत राहण्याचा व त्यांचा उपयोग घेण्याचा हक्क दुसऱ्याकडे राखून ठेवला जातो. गोव्याच्या कायद्याला ही कल्पना जुनीच परिचित आहे. ज्याच्यापाशी रोख पैसा नाही त्याच्यासाठी हा मार्ग बहुधा सर्वांत हिताचा ठरतो, पण एका अटीवर. कोणत्या खोल्या, पाणी कोणाचे, घरपट्टी कोण भरणार, दुरुस्ती कोण करणार, हे सारे दस्तात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

मुलांच्या नावे घर करून देताना विशेष काळजी घ्यावी लागते. 'मुलगा पाहील' हा भरवसा आहे, तो हक्क नव्हे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न केल्यास परत मिळवता येते. ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असणे सर्वांत सुरक्षित, कारण ती नसली म्हणजे वाद सिद्ध करण्याचे ओझे वृद्धावर येते. याच कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागता येतो. घटस्फोट झाला म्हणून आईचे वा वडिलांचे हे नाते संपत नाही.

मुंडकाराच्या घरात राहणाऱ्या जोडप्यांची अडचण वेगळी. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहते घर व भोवतालची ठराविक जागा विकत घेण्याचा हक्क मुंडकारास दिला आहे. पुष्कळांनी नोंदणी केली, पण खरेदीचे काम मामलेदाराकडे पुरे करून घेतले नाही. असे घर वाटणीच्या यादीत मांडले की त्याची किंमत काय धरावी येथपासून वाद सुरू होतात आणि भाटकारही त्यात येतो. खरेदी पुरी झाली असल्यास प्रश्न पुष्कळच सुटसुटीत होतो.

घटस्फोटाबरोबर काय जाते

वाटणीत काय मिळते याची चर्चा सर्वत्र होते. हुकूमनाम्याबरोबर काय निघून जाते याकडे मात्र लक्ष जात नाही. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या पतीच्या मृत्यूनंतर पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्याचा साधारण दर शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. घटस्फोटित पत्नीला ते मिळत नाही. पत्नी नोकरीस असून पती तिच्यावर अवलंबून असेल, तर त्यालाही हाच नियम. साठाव्या वर्षी घटस्फोट घेतलेल्या स्त्रीने पुढे वीस-पंचवीस वर्षे जगावयाचे आहे असे धरले, तर या एका बाबीची रक्कम घराच्या निम्म्या किमतीच्या जवळपासही जाऊ शकते. पतीच्या नोकरीमुळे मिळणारी वैद्यकीय सवलतही विवाहाशीच निगडित असते. पतीच्या हयातीत त्याचे निवृत्तिवेतन पोटगी ठरवताना उत्पन्न म्हणून विचारात घेतले जाते खरे, पण निवृत्तिवेतन त्याच्याबरोबर संपते.

मग प्रत्येक बिघडलेल्या संसारावर घटस्फोट हाच उपाय आहे काय? गोव्याच्या कायद्यात दुसराही एक मार्ग आहे, जो फारसा वापरला जात नाही. पतीच्या गैरकारभारामुळे आपली मालमत्ता बुडण्याचा उघड धोका आहे असे पत्नी दाखवू शकली, तर विवाह न मोडता केवळ मालमत्ता वेगळी करून मागता येते. दारूत वा जुगारात ठेवी संपवणाऱ्या नवऱ्यापासून आपला निम्मा भाग वाचवणे एवढाच हेतू असेल, तर तो यातून साधतो. पत्नीचे पत्नीपण आणि त्याला जोडलेले हक्क अबाधित राहतात. मारहाणीचा किंवा घराबाहेर काढण्याचा प्रश्न असल्यास २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संसाराच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर कोणाच्याही नावावर असो. त्याने मालकी मिळत नाही, तातडीचा आसरा मिळतो. ज्यांना खरोखरच विवाहबंधनातून मोकळे व्हावयाचे आहे त्यांना अर्थातच घटस्फोटाचा हक्क आहे आणि वय झाले म्हणून तो कमी होत नाही. फक्त किंमत ठाऊक असावी.

वेळ हीसुद्धा त्या किंमतीचाच भाग आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर हिंदू विवाह कायद्याखालील एक प्रकरण निकाली निघाले. त्यातील पती ८९ वर्षांचे, वायुदलातील निवृत्त अधिकारी. पत्नी ८२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. विवाह १९६३ सालचा आणि घटस्फोटाचा अर्ज १९९६ चा. सत्तावीस वर्षांनंतर न्यायालयाने घटस्फोट नाकारला. घटस्फोटिता म्हणून मरण्याची इच्छा नाही, पतीची काळजी घेण्याची तयारी आहे, असे पत्नीचे म्हणणे होते आणि न्यायालयाने त्या भावनेचा मान राखला. निर्णय कोणाला पटो वा न पटो, त्या दोघांची उतारवयातील सत्तावीस वर्षे तारखांत गेली, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

कागदोपत्री कामे शेवटी उरतात आणि ती बहुधा राहून जातात. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नोंद नागरी निबंधकाकडे विवाहाच्या नोंदीच्या समासात करून घ्यावी लागते. वाटणी पुरी झाल्यावर एक-चौदाच्या उताऱ्यावर नवी नोंद, पंचायतीत किंवा नगरपालिकेत घरपट्टीवरील नाव, वीज व पाण्याच्या जोडण्या ही कामे त्याच महिन्यात उरकावीत. बँकेतील ठेवींवरचे नामनिर्देशन हुकूमनाम्याने आपोआप बदलत नाही. ते स्वतः जाऊन बदलावे लागते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील संयुक्त खाते केवळ पती-पत्नींनाच काढता येते, तेव्हा असे खाते असल्यास टपाल कार्यालयाशी वेळीच बोलावे. समाईक मालमत्तेच्या पद्धतीमुळे गोमंतकीय जोडप्यांचे वेतनाखेरीजचे उत्पन्न आयकरासाठी दोघांत निम्मे-निम्मे धरले जाते. यासाठी १९६१ च्या आयकर कायद्यात १९९४ साली ५अ हे कलम घालण्यात आले होते (संहितेचे वर्ष त्यात १८६० असे पडले, ही त्यातली गंमत). घटस्फोटानंतर अशी विभागणी राहत नाही, म्हणून भाड्याचे वा व्याजाचे उत्पन्न ज्याच्या वाट्यास येईल त्याने आपले विवरणपत्र त्याप्रमाणे भरावयाचे असते.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून मिळेल त्या कागदावर सही करून मोकळे होणाऱ्या वृद्ध स्त्रिया गावोगाव आहेत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागतो. सोबत विवाहाचा दाखला, एक-चौदाचा उतारा, घरपट्टीची पावती आणि हाती असतील त्या पासबुकांच्या नकला न्याव्यात. गावातील शिक्षक व पंचायतीचे सचिव यांनी हा अर्ज लिहून देण्यास मदत केली, तर निम्मे काम तेथेच होते.